आरशावरची घाण

"घाण."

आधी नाकाचा शेंडा वर जायचा, त्यामागोमाग डावी भुवई, आणि मग तो शब्द बाहेर पडायचा. त्यात राग नसायचा, जोर नसायचा. डॉक्टरने थर्मामीटर बघून ताप आहे म्हणावं, तसं आमचे साहेब म्हणायचे. कँटीनचे पोहे घाण, कंपनीच्या बसचे पडदे घाण, नव्या मॅनेजरची सही घाण. पैठण रोडचा तर विषयच काढू नका. तुमच्याही ऑफिसात किंवा गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर डबा उघडताना हात जरा थांबतो.

चितेगावला आमचा कारखाना. रंगवलेले फ्रिजचे दरवाजे बाहेर पडायचे ते यांच्या नजरेखालून. पेंट शॉपच्या शेवटच्या टोकाला, पांढऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात ते उभे असत. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, हातात लाल मार्कर. रंगाचा ओघळ, अडकलेला धुळीचा दाणा, संत्र्याच्या सालीसारखा उठलेला रंग, काहीही दिसलं की त्याभोवती लाल गोल. मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट. त्यांचे लाल गोल का आले हे शोधणं माझं काम, म्हणजे माझा अख्खा दिवस त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर अवलंबून. सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणे.

तपासलेल्या दरवाज्यांचे तीन ढीग लागायचे. पास, रिजेक्ट आणि मधला रिवर्क, म्हणजे थोडा घासून, परत रंगवून चालवून घेता येईल असा माल. साहेबांच्या पाळीत मधली जागा रिकामी असायची. "रिवर्क म्हणजे झाकलेली घाण," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं लग्न झालं नव्हतं, त्याचंही कारण कामगार हेच सांगत. म्हणे, आलेली सगळी स्थळं रिजेक्ट केली, एकही रिवर्कला ठेवलं नाही.

मला ते अजिबात आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. घाणीची किळस सगळ्यांनाच येते. पण काही लोक सकाळी उठून ती शोधायलाच बाहेर पडतात, आणि सापडली की त्यांना जेवण गोड लागतं. असल्या माणसांची मला किळस येते. साहेब त्यातलेच आहेत, असं माझं पक्कं मत होतं आणि ते मत बदलायला त्यांनी फारशी मदत केली नाही.

एका वर्षी सेफ्टी वीकमध्ये कर्मचाऱ्यांच्या छंदांचं प्रदर्शन भरलं. कुणाचे विणलेले रुमाल, कुणाची जुनी नाणी. माझ्याकडे एक छोटी दुर्बीण होती, तिच्यातून काढलेला चंद्राचा फोटो मी फ्रेम करून लावला. लोक येत होते, वा मॅडम म्हणत होते. साहेब आले, वाकले, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मग खिशातून लाल मार्कर काढून त्यांनी फ्रेमच्या काचेवर, चंद्राच्या कडेला, सावकाश एक गोल काढला.

"कडेला जांभळं आहे," ते म्हणाले.

मी सांगितलं की माझी दुर्बीण भिंगाची आहे, साध्या भिंगात सगळे रंग एका जागी येत नाहीत, म्हणून तेजस्वी गोष्टीला जांभळी किनार दिसते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे घाणच. आजूबाजूला माणसं होती. माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच्या चंद्राला गोल काढणं सोपं असतं, स्वतः एक फोटो काढून दाखवा, असं मी त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर त्यांनी रुमाल पसरला, त्यावर बसले आणि विचारलं, "कोणती घ्यायची?"

त्या प्रश्नाने पुढची दोन वर्षं माझा छळ केला. दुकानदार जिला रिफ्रॅक्टर म्हणतात ती भिंगाची, आणि रिफ्लेक्टर म्हणतात ती आरशाची. एवढे दोनच प्रकार मी त्यांच्यापुढे ठेवले होते. घरात नवी साडी घ्यायची तरी माणूस यापेक्षा जास्त प्रकार बघतो. पण साहेब निवडणारे नव्हतेच, ते नाकारणारे होते. आणि मी जे सांगे त्यातून त्यांना नाकारायला रोज नवं कारण मिळे.

भिंगाची दुर्बीण दोन्हीकडून बंद असते, धूळ आत जात नाही, नेली, लावली, काम सुरू, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं. मग जांभळी किनार आठवली. किनार नको असेल तर खास काचेची भिंगं मिळतात, पण तेवढ्या किमतीत नळी अगदी लहान येते, प्रकाश कमी गोळा होतो. नाक वर गेलं. मग आरशाची. आरशात सगळे रंग एकत्र येतात, किनार नाही, त्याच पैशात थोरला आरसा मिळतो. पुन्हा पटलं. पण नळीचं तोंड उघडं, धूळ आत. हलवली की दोन्ही आरसे परत जुळवायचे. फोटोच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. आणि धाकटा आरसा ज्या पट्ट्यांवर धरलेला असतो, त्यांच्यामुळे प्रत्येक मोठ्या ताऱ्याला चार काटे येतात.

"ताऱ्याला काटे नसतात," साहेब म्हणाले.

लोकांनी काढलेले फोटो ते छापून आणायचे. त्यावर लाल गोल. जांभळ्या किनारीला गोल, काट्यांना गोल, शेपट्यांना गोल. शेवटी एकदा बिडकीनकडून येणाऱ्या ट्रकांमागे बस अडकली असताना मी वैतागून म्हणाले की साहेब, निर्दोष दुर्बीण कुठल्याच कारखान्यात बनत नाही, तुम्हाला कुठला दोष चालेल तेवढं सांगा. ते म्हणाले, रिवर्कवाले अगदी असंच बोलतात. त्या दिवसापासून आठवडाभर मी पुढच्या सीटवर बसले.

या अवधीत ते निवृत्त झाले. निरोपाची शाल त्यांनी कार्यक्रमातच उलटी करून शिवण बघितली. आणि महिन्याभराने फोन आला, आरशाची घेतली. मी कारण विचारलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मात्र मला आवडलं. भिंग नसलेला रंग दाखवतं आणि बघणाऱ्याला तो खरा वाटू शकतो. काटे मात्र उघड असतात, ते दुर्बिणीचे आहेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. खोटं बोलणाऱ्यापेक्षा ओबडधोबड बरा. चंद्र तर सगळेच काढतात, मी मृग नक्षत्रातला तेजोमेघ काढणार, आणि ज्यावर एकही लाल गोल पडणार नाही असा काढणार, असंही ते म्हणाले. तो फोटो आता त्यांना हवा होता. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासलेल्या माणसाला स्वतःचा एक पास करायचा होता.

अडचण आभाळाची होती. साहेबांचा फ्लॅट नक्षत्रवाडीत. नाव ऐकून हुरळू नका. तिथल्या गच्चीवरून नक्षत्र शोधायचं म्हणजे ताकात लोणी शोधण्यापेक्षा अवघड. एका बाजूला शहराचा पिवळा उजेड, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचा पांढरा, आणि लग्नसराईत लॉनवाले आभाळात हिरव्या लेझरच्या काठ्या फिरवतात. लोकांना आपण आभाळात घाण टाकतोय याची जाणीवसुद्धा नसते. रस्त्यावर केळ्याचं साल टाकलं तर निदान कुणी ओरडतं तरी. या एका बाबतीत माझं आणि साहेबांचं नाक एकाच वेळी वर जाई.

अंधार होता तो त्यांच्या गावी, बिडकीनच्या पुढे आत. तिथे थोरले भाऊ आणि वहिनी शेती करत. औद्योगिक वसाहतीचे नवे रस्ते त्या बाजूला सरकत होते, दिव्यांचे खांबही रोवून झाले होते, नुसते लावायचे बाकी होते. म्हणजे हाती एक हिवाळा, फार तर दोन. साहेबांना गावी जावंच लागणार होतं, आणि गावी जायचं म्हटलं की ते तारीख पुढे ढकलायचे.

त्यांची आई ते लहान असतानाच गेली. वहिनी त्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा साहेब चड्डीत होते. त्यांनीच वाढवलं, शाळेत घातलं, शहरात शिकायला गेल्यावर एस.टी.ने भाकरी पाठवल्या. पण शहरात गेल्यावर साहेबांना शेण, माश्या, परसातलं न्हाणीघर, सगळ्याची शिसारी बसली. नोकरी लागल्यापासून ते गावी गेले तरी घरून भरून नेलेल्या बाटलीचंच पाणी पीत आणि स्वतःचा डबा खात. डॉक्टरांनी सांगितलंय, फिल्टरशिवाय चालत नाही, असं त्यांनी वहिनींना सांगून ठेवलं होतं. डॉक्टर वगैरे कुणी नव्हता. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं, युक्ती सांगावी तसं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पावसाळा सरताना एका रविवारी सकाळी आरसे जुळवायला मी त्यांच्यासोबत गेले. वहिनींना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ठेंगण्या, काटक, अद्रकाच्या वाफ्यातून तशाच उठून आलेल्या. हातांच्या भेगांत काळी माती बसलेली, ती धुऊन जाणारी नव्हती. मला त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि साहेबांकडे बघून अभिमानाने म्हणाल्या, "आमच्या बापूला नाय चालत बरं का इथलं पानी. डाक्टरनं मना केलंय. लई नाजूक हाय त्याची तब्येत." गावात कुणी पाहुणा आला तरी त्या हे सांगत असणार. धाकट्या दिराची नाजूक तब्येत हा त्यांच्या घराचा एक मोठेपणा होता. साहेब आपल्या बाटलीचं झाकण फिरवत दुसरीकडे बघत राहिले.

दुर्बीण पावसाळ्याआधीच गावी आणून ओसरीवर ठेवली होती. साहेबांनी नळीत टॉर्च मारून आत बघितलं आणि नाक वर गेलं. पावसाळ्यात आरशावर धुळीचा पातळ थर बसला होता. मी परोपरीने सांगितलं की एवढ्या धुळीने फोटोला काही होत नाही, आरसा पुसायचा नसतो, पुसला तर बिघडतो. अगदीच वाटलं तर शुद्ध पाण्याची धार सोडायची आणि कापूस दाब न देता फिरवायचा. पण त्यांना आता दुसरं काही दिसेना. दिवसभर तेच. थोरल्या भावाला, दादांना सांगितलं, आरशावर घाण बसलीय. शेजारच्याला सांगितलं. वहिनींना तर दहा वेळा सांगितलं असेल. वहिनी प्रत्येक वेळी काळजीने मान हलवत होत्या.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत पूजा होती. कारखान्यात त्या दिवशी मशिनं धुऊनपुसून हळदकुंकू लावतात, मीही ओव्हनच्या दाराला बोट टेकवलं होतं. साहेब शुद्ध पाणी आणि कापूस मागायला आले. आदल्या दिवशी गावी जाऊन त्यांनी नळीच्या मागचे स्क्रू काढून आरसा बाहेर घेतला होता आणि तिथेच घरात पाटावर, धुतलेल्या उपरण्याखाली झाकून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुटी होती, मीच म्हणाले की सकाळी सोबत येते, नाहीतर तुम्ही रगडाल.

आम्ही पोहोचलो तेव्हा दारात ट्रॅक्टर होता, त्याला झेंडूचा हार. ओसरीवर नांगराचा फाळ, कोयता, विळे, पाना, पकड, सगळं ओळीने मांडून पुजलेलं. आणि मधोमध, सगळ्यात मानाच्या जागी, साहेबांचा आरसा. त्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं, दोन झेंडू आणि अक्षता. आदल्या दिवशी पूजेआधी वहिनींनी तो देवाच्या भांड्यांबरोबर धुतला होता. चुलीतली राख आणि चिंच लावून. सगळं पितळ असं लखलखत होतं की बघत राहावं. आरसा मात्र आंधळा झाला होता. वरचा चकचकीत थर जागोजागी उडाला होता, उरलेल्यावर गोल गोल चरे पडले होते आणि मधूनमधून खालची हिरवट काच दिसत होती.

वहिनी उत्साहाने पुढे आल्या. साहेबांचा चेहरा बघून जरा थबकल्या. "सारखं म्हनत हुतास ना, घाण हाय, घाण हाय. मग सनाला तशीच कशी ठिवू रे?" मग खाली वाकून आरशाकडे बघत म्हणाल्या, "कल्हई उडाली वाटतं. करून आनू की, बापू."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. नाकाचा शेंडा वर गेला, भुवई वर गेली आणि दरवाजा तपासावा तसं ते वहिनींच्या हातांकडे बघत म्हणाले, "घाण तुमच्या हाताला आहे, वहिनी. जिथं लावाल तिथं लागते. म्हणून तर मी इथं पाणी पीत नाही."

दादांना कमी ऐकू येई, ते हसतमुखाने आमच्याकडे बघत होते. वहिनींनी दोन्ही हात हळूच पदराखाली घेतले.

"मला वाटलं, तुला डाक्टरनं सांगितलंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला त्या क्षणी या माणसाची जी घृणा वाटली, ती आजही पूर्ण गेलेली नाही. मी मुद्दाम आत जाऊन रांजणातलं पाणी मागून दोन पेले प्याले. माझ्या पिण्याने त्यांच्या मनाला काय वाटणार होतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही. वहिनींनी पेला दुरून, खाली जमिनीवर ठेवून दिला.

परतताना आरसा मांडीवर घेऊन साहेब गाडीत बसले होते. बिडकीन गेल्यावर ते म्हणाले, रिजेक्ट झाला. मी म्हणाले, काच शाबूत आहे, वरचा थर तेवढा गेलाय, तो रसायनाने साफ काढून पुन्हा चढवता येतो, वहिनी म्हणाल्या तशी कल्हईच ती. भिंग असतं तर संपलं असतं, आरसा आहे म्हणून वाचलात. मग मी म्हणाले, आरशाचं होईल, बाकीचं तुम्ही बघा. हे मी जरा कडकच म्हणाले, आणि म्हणाले याचं मला बरं वाटलं.

उरलेला थर मी प्रयोगशाळेत काढून दिला. पुण्याला दुर्बिणींचे आरसे करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडून नवा थर चढून दिवाळीनंतर आरसा आला तो नव्याहून नवा. आता थंडी पडली, मृग संध्याकाळीच पूर्वेला दिसू लागला, आणि साहेब नक्षत्रवाडीच्या गच्चीवर. लेझरच्या काठ्या मोजत बसलेले. गावी जायचं नाव काढत नव्हते. फोन केला की आभाळ घाण आहे म्हणायचे. मी म्हणे, तिकडे स्वच्छ आहे. मग ते फोन ठेवत. खांबांवरचे दिवे लागले की सगळंच संपणार होतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी शेवटी निघाले, मला म्हणाले, तुम्ही चला. एकट्याने जायचं धैर्य नव्हतं एवढाच त्याचा अर्थ. या वेळी हातात बाटली नव्हती, हे मी बघितलं. ओसरीवर टेकले आणि घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, पाणी द्या."

वहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात ताटली, ताटलीत दुकानातली पाण्याची सीलबंद बाटली. फाट्यावरून त्यांनी पूर्ण खोकंच आणवून ठेवलं होतं, दसऱ्यापासून. ताटली पुढे करून त्या म्हणाल्या, "सील तुमीच तोडा. माझा हात नाय लागला त्याला."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पाहुण्याचं नीट व्हावं एवढीच काळजी होती. आणि ते तुमी. ज्या पोराला न्हाऊमाखू घातलं त्याला त्या तुमी म्हणत होत्या. साहेबांनाही ते ऐकू आलं, कारण त्यांचा हात ताटलीपर्यंत जाऊन थांबला. वहिनी, चुकलं माझं, रांजणातलं द्या, असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडून चुकलं हा शब्द मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकला नाही.

"नगं बा," वहिनी म्हणाल्या. "तुमाला बाधलं म्हंजी? शेनामातीतलं हात आमचं. तुमी बोलला त्यात खोटं काय हाय?"

साहेबांनी बाटली उघडली आणि ते प्याले. मी सातच्या सुमारास शहराकडे निघाले, रात्री तिथे काय झालं ते मला माहीत नाही. आठवड्याने ते प्रयोगशाळेत फोटो घेऊन आले. टेबलावर ठेवला आणि गळ्यातलं भिंग माझ्या हातात दिलं.

मी खोड काढायच्या तयारीनेच वाकले. तेजोमेघ पंख पसरून बसलेला, मधला गुलाबी उजेड, कडेचा राखी धूर, सगळं इतकं स्पष्ट की मी भिंग पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. जांभळं कुठे नव्हतं. मोठ्या ताऱ्यांना चार चार काटे होते आणि खालच्या कडेला नारिंगी झाक होती. वसाहतीचे काही दिवे लागले असावेत. मी काट्यांवर बोट ठेवलं. ते म्हणाले, असू दे. नारिंगी कडेवर ठेवलं. तरी म्हणाले, असू दे. लाल मार्कर खिशात होता, पण त्यांनी तो काढला नाही. दोन वर्षं ज्याच्यासाठी माझं डोकं खाल्लं तो फोटो हातात होता आणि मला तो बघवेना. त्या ताऱ्यांपेक्षा मला ती ताटलीच दिसत होती.

त्यानंतर ते दर पंधरा दिवसांनी गावी जात. फोटो काढायला म्हणून जात, पण पावसाळ्यातही जात, म्हणजे काय ते तुम्ही समजा. दर वेळी ओसरीवर बसून रांजणातलं पाणी मागत. दर वेळी सीलबंद बाटली येई. भाकरी मागितली तर वहिनी म्हणत, तुमचा डबा आनला नाय व्हय, आणि शेजारच्याला फाट्यावर बिस्किटं आणायला पाठवत. बंद पुड्यातली. साहेबांचं वजन उतरत होतं, आम्हाला वाटलं मनाला लावून घेतलंय. दुखणं पोटातलं होतं, ते उशिरा कळलं. सगळे दिवे लागून गावचं आभाळही पांढरं झालं, त्याच वर्षी.

दवाखान्यातून घरी न्या म्हणून सांगितलं तेव्हा नक्षत्रवाडीच्या फ्लॅटवर आणलं. वर्षानुवर्षं कुणाला चप्पल घालून आत येऊ न देणाऱ्या त्या घरात सगळा शेजार येऊन उभा होता. सकाळी दादा आणि वहिनी गावाहून आले. वहिनी उशाशी बसल्या, हात मांडीवर, पदराखाली. साहेबांचे ओठ कोरडे पडून फाटले होते. बोलणं बंद झालं होतं, पण डोळे उघडे होते आणि ते वहिनींवरून हलत नव्हते. शेजारच्या बाईंनी वाटीत पाणी आणि चमचा आणून वहिनींपुढे धरला, म्हणाल्या, तोंडात पाणी घाला, तुमच्याच हाताने घाला.

वहिनींनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थांबा," म्हणाल्या आणि उठून आत मोरीत गेल्या. साबणाची वडी कुठंय म्हणून त्यांनी विचारलं, मी काढून दिली. नळ बराच वेळ चालू होता. त्या कोपरापर्यंत हात धूत होत्या, बोटांच्या बेचक्या, नखं, भेगा, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. मी टॉवेल पुढे केला तर नको म्हणाल्या. पदरालाही पुसले नाहीत. ओले हात अंगापासून दूर धरून त्या बाहेर आल्या, खाली बसल्या आणि चमचा बाजूला ठेवून ओंजळीत वाटीतलं पाणी घेतलं.

"बापू," त्या म्हणाल्या, "तोंड उघड."